जून काही अचानक येत नाही: पगारदार घराचा वर्षाचा हिशोब कसा बांधावा

पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेत मी अकरा वर्षं कर्जाच्या टेबलावर बसले. तिथे 'आकस्मिक कर्ज' म्हणून एक प्रकार होता. छोटा अर्ज, दोन जामीनदार, दोन-तीन दिवसांत पैसे हातात. नावाप्रमाणे ते दवाखान्यासाठी, मयतीसाठी, अपघातासाठी. पण या अर्जांचा गठ्ठा वर्षातून दोनदाच जाड व्हायचा: जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात. कारणाच्या रकान्यात 'मुलांची फी', 'सण', 'घरगुती अडचण'. अर्जदारही बहुतेक तेच. गेल्या जूनच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मे महिन्यात फिटायचा आणि जूनमध्ये नवा अर्ज यायचा.

ही माणसं उधळी नव्हती. घरून डबा आणणारी, चपलेचा अंगठा शिवून वापरणारी माणसं. त्यांच्याकडे बघून मला जे कळलं तेच इथे लिहिते आहे. पगार महिन्याचा असतो, खर्च मात्र वर्षाचे असतात. हा सांधा जुळवला नाही तर चहा सोडून आणि रिक्षा टाळून काहीच उरत नाही. जुळवला तर बाकीची काटकसर आपोआप जागेवर येते.

पहिला महिना नुसतं लिहा

दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधली अ‍ॅप्स चांगली आहेत, पण घरातली सगळी माणसं एका वहीत लिहू शकतात, एका फोनमध्ये नाही. वही स्वयंपाकघरात, पेन दोऱ्यानं बांधून.

या महिन्यात खर्च कमी करायचा नाही. कमी करायला गेलात की आकडे खोटे येतात. रोज रात्री तारीख टाकून रक्कम, वस्तू आणि जमल्यास एका शब्दात कारण लिहायचं. आमच्या जुन्या वहीतलं एक पान असं आहे:

"मंगळवार, ता. ९. भाजी १३० (दोडका, मेथी, लिंबं). पेट्रोल ३००. चार्टपेपर-स्केचपेन ९५. ऑफिसात निरोप समारंभाची वर्गणी २००. रात्री बाहेरून मागवलं ४४०, उशीर झाला."

या पानातला कामाचा शब्द शेवटचा आहे. महिनाअखेरीस बसून पाहिलं तर 'बाहेरून मागवलं' आठ वेळा आणि आठही वेळा पुढे 'उशीर झाला'. म्हणजे साडेतीन हजार रुपये जिभेच्या चोचल्यावर गेले नव्हते, थकव्यावर गेले होते. त्यावर उपाय 'बाहेरचं खाणं बंद' असा नसतो, तो चार दिवस टिकतो. आम्ही रविवारी डोशाचं पीठ दळून ठेवायला लागलो आणि थालिपीठाची भाजणी कायम घरात ठेवली. आठाचे दोन-तीन झाले. कारण लिहिलं नसतं तर हे सुचलंच नसतं.

यूपीआयनं दिलेल्या पैशांची एक अडचण आहे. दुकानाच्या जागी बऱ्याचदा मालकाचं नाव उमटतं आणि महिन्यानं कुणाला कशाचे १८० दिले ते आठवत नाही. पैसे पाठवताना खाली टिपण लिहायची जागा असते, तिथे 'भाजी', 'इस्त्री', 'औषध' एवढं लिहिलं तरी पुरे. महिना संपला की बँकेचं स्टेटमेंट आणि वही समोरासमोर ठेवा. स्टेटमेंटात आहे आणि वहीत नाही अशा नोंदींवर लाल खूण करा. त्यात तुम्ही विसरलेली वर्गणी, कुठल्याशा अ‍ॅपचं आपोआप कापलं जाणारं शुल्क हमखास सापडेल. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो. तो उघडून जे वापरत नाही ते तिथूनच रद्द करा.

आता वर्षाची यादी

हा या सगळ्याचा कणा आहे, म्हणून इथे घाई करू नका. घरातले मोठे, लहान सगळे बसा आणि दर महिन्याला न येणारे, पण वर्षात नक्की येणारे खर्च लिहा. मराठी महिने डोळ्यांपुढे आणले तर लवकर आठवतात: चैत्र-वैशाखात धान्य भरणं, लग्नसराई, गावाला जाणं, ज्येष्ठात शाळा, भाद्रपदात गणपती, मग दसरा-दिवाळी. शिवाय गाडीचा विमा, घरपट्टी, नळ-प्लंबर, बिघडणारा मिक्सर.

महिन्याला ४८ हजार हातात येणारं चौघांचं एक घर धरू. त्यांची यादी अशी होईल:

दोन मुलांची फी, वह्या, गणवेश ४६,०००
आरोग्य विमा २२,०००
दिवाळी २०,०००
गावी जाणं-येणं, दोन वेळा १२,०००
मुदतीचा जीवन विमा ११,०००
वर्षाचं धान्य, तिखट, हळद १०,०००
लग्नकार्याचे आहेर ९,०००
घरातली दुरुस्ती ८,०००
गणपती ७,०००
दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,०००
घरपट्टी ५,०००

बेरीज १,५६,०००. बारानं भागली की महिन्याला १३,०००.

या आकड्यापाशी थोडं थांबा. या घराला वाटतं, आपला पगार ४८ हजार आहे. खरं तर तो ३५ हजार आहे. उरलेले १३ हजार फीचे, विम्याचे, दिवाळीचे आहेत, फक्त अजून मागायला कुणी आलेलं नाही. ते १३ हजार फेब्रुवारीत, ऑगस्टमध्ये आपले समजून खर्च होतात आणि जूनमध्ये 'आकस्मिक' कर्जाचा अर्ज भरावा लागतो. कर्जाच्या टेबलावर मी हा हिशोब कितीतरी जणांना कागदावर करून दाखवला. आकडा पाहून बहुतेक जण गप्प व्हायचे. मग एखादा म्हणायचा, "मॅडम, म्हणजे मी दर महिन्याला जूनचंच खातोय."

बारावा हिस्सा कुठे ठेवायचा

रोजच्या खात्यात ठेवला तर तो राहत नाही. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात वेगळं बचत खातं काढा. हे खातं यूपीआयला जोडू नका, त्याचं कार्ड कपाटात ठेवा. खातं काढतानाच किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते विचारून घ्या. पगाराच्या दुसऱ्या दिवशी १३ हजार तिकडे आपोआप जातील अशी स्थायी सूचना बँकेला द्या. महिनाअखेरीस उरलं तर टाकू, असं ठरवलं तर ते कधीच जात नाहीत.

सुरुवात कोणत्या महिन्यात करायची, हे बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही आणि माणसं तिथेच अडकतात. एप्रिलमध्ये सुरू केलंत तर जूनच्या सुरुवातीपर्यंत तीन वेळा मिळून ३९ हजार जमतात. पण तोवर धान्याचे १०, गावच्या एका फेरीचे ६ आणि फीचे ४६ हजार लागतात. एकूण ६२ हजार, म्हणजे २३ हजारांची तूट. मग माणूस म्हणतो, ही पद्धत आपल्या कामाची नाही. तसं नसतं, सुरुवातीचा महिना चुकलेला असतो. फी भरून झाली की जुलैमध्ये सुरू करा. पुढच्या जूनपर्यंत बारा हप्ते होतात. पहिल्याच महिन्यांत विम्याचा मोठा हप्ता येत असेल, किंवा मधल्याच महिन्यात सुरू करायचं असेल, तर अशीच बेरीज-वजाबाकी करून तूट काढा आणि बोनस किंवा महागाई भत्त्याच्या फरकातून तेवढी रक्कम एकदाच त्या खात्यात टाका.

पूर्ण १३ हजार झेपत नसतील तर आधी फी आणि विमा एवढेच घ्या. वरच्या यादीत ते ७९ हजार होतात, महिन्याला साधारण ६,६००. दिवाळी पुढच्या वर्षी जोडा.

उरलेल्या ३५ हजारांचं काय

या घरात गृहकर्जाचा हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून १२ हजार जातात. बचत ५ हजार, तीही पगाराच्या दुसऱ्या दिवशीच. राहिले १८ हजार. किराणा ६,०००, भाजी-फळं ३,०००, दूध २,४००, पेट्रोल १,८००, वीज १,३००, मोबाइल आणि इंटरनेट १,१००, गॅस ९००. हे १६,५०० झाले. उरलेल्या दीड हजारातले पाचशे-पाचशे नवरा-बायकोनं बिनहिशोबी घ्यावेत. ते कशाला खर्च झाले हे कुणी कुणाला विचारायचं नाही. ही रक्कम लहान दिसते, पण हिच्यामुळे वही टिकते. प्रत्येक वडापावचा जाब द्यावा लागला तर दुसऱ्या महिन्यात वही बंद पडते. शेवटचे पाचशे किरकोळीला.

पाच हजार बचत कमी वाटेल. पण जूनचं कर्ज थांबलं की त्याचा हप्ता वाचतो आणि तो बचतीत येतो. पहिल्या वर्षी एवढंच साधतं.

बचतीतून आधी काय उभं करायचं

सर्वांत आधी अडीअडचणीचा पैसा: तीन महिन्यांचा चालू खर्च. या घरासाठी हप्ता धरून महिन्याला ३० हजार, म्हणजे ९० हजार. नोकरी कंत्राटी असेल तर सहा महिन्यांचा ठेवा. या रकमेची एकच मुदतठेव करू नका, ३०-३० हजारांच्या तीन करा. अडचण आली की एकच मोडावी लागते. मुदतीआधी मोडल्याचा दंडही तेवढ्याच रकमेवर बसतो.

हे जमवत असताना क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर मात्र क्रम बदला. ४० हजार थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे असं धरा. व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, एकूण १,६५२. किमान रक्कम म्हणून तुम्ही २ हजार भरलेत तर मुद्दल फिटलं फक्त ३४८. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्याच वेळी तुमची ४० हजारांची ठेव साडेसहा टक्क्यांनी महिन्याला सव्वादोनशेही देत नाही. अशी ठेव मोडून कार्ड फेडणं यात कमीपणा नाही. आमच्याकडे येणारे कितीतरी जण ठेवीला हात लावायचा नाही म्हणून कर्ज काढायचे. ठेव मोडली तर घर मोडलं असं त्यांना वाटायचं. मला ती भावना कळते, पण हिशोब उलटा आहे.

विमा यादीत आहेच. तो परवडत नसेल त्या घरांसाठी बँक खात्यातून मिळणाऱ्या दोन सरकारी योजना आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देतो. जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं जीवन संरक्षण देतो. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मेअखेरीस खात्यात पैसे नसले तर विमा खंडित होतो, म्हणून त्या आठवड्यात खातं रिकामं ठेवू नका.

त्यानंतर लांबची बचत. पीपीएफची, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची, मुदत १५ वर्षं, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख. यात व्याज दर महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. ७ तारखेला पैसे भरलेत तर त्या महिन्याचं व्याज गेलं. स्थायी सूचना ३-४ तारखेची द्या. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी पाहा: वर्षाला किमान २५० रुपये, १५ वर्षं भरायचे, २१ वर्षांनी मुदत पूर्ण. दोन्हींचे व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे पोस्टात विचारूनच आकडा लिहा. मार्चमध्ये 'कर वाचेल' म्हणून घाईघाईत घेतलेली बचतवाली पॉलिसी मात्र टाळा. नव्या करप्रणालीत अशा बचतीवरची कराची वजावट मिळतच नाही आणि हप्ता मात्र पंधरा-वीस वर्षं मागे लागतो.

पतसंस्था, भिशी आणि सोनं

पतसंस्थेत काम केलं म्हणून हे अधिक जबाबदारीनं सांगते. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. त्याआधी ते १ लाख होतं. नागरी सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था येत नाहीत. पाटी सारखी दिसते, काउंटर सारखं असतं, माणसं ओळखीची असतात, व्याज अर्धा-एक टक्का जास्त असतं. म्हणून निवृत्तीचा सगळा फंड तिथे ठेवणारे मी पाहिले आहेत. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत, माझीही होती. तरी अडीअडचणीचा पैसा आणि म्हातारपणाचा पैसा तिथे ठेवू नका.

भिशीचा खरा उपयोग शिस्तीचा. दहा जणींनी दोन-दोन हजार काढायचे, जिचा नंबर लागेल तिला वीस हजार. व्याज नाही, पण दर महिन्याला पैसे बाजूला निघतात. बोली लावायची भिशी मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे जी सर्वांत कमी रकमेवर तयार होते तिला पैसे आधी मिळतात. दुसऱ्याच महिन्यात गरज म्हणून एखादीनं १७ हजारांवर उचलली, तर तोवर तिनं ४ हजार भरलेले असतात आणि पुढे १६ हजार भरायचे असतात. ढोबळमानानं तिनं १३ हजार उसने घेऊन आठ महिन्यांत १६ हजार फेडले. सोन्यावरचं कर्जही याहून स्वस्त पडतं. कोणतीही भिशी असो, गेली तर रडावं लागणार नाही एवढीच रक्कम त्यात घाला.

पाडव्याला, दसऱ्याला गुंजभर सोनं घ्यावं हे आपल्याकडे मनात मुरलेलं आहे आणि त्याचा आनंद मलाही होतो. पण दागिना ही हौस आहे, तिची नोंद बचतीत करू नका. १२ टक्के मजुरी आणि वर ३ टक्के जीएसटी धरला तर सोन्याच्या भावावर पंधरा टक्के जास्त मोजावे लागतात आणि मोडताना ते परत मिळत नाहीत. घ्याल तेव्हा हॉलमार्क आणि दागिन्याचा सहा अक्षरी ओळख क्रमांक (एचयूआयडी) पाहूनच घ्या. मंगळसूत्र, पाटल्या करायच्याच असतील तर त्यांचं नाव वर्षाच्या यादीत लिहा.

दोन ठिकाणी हमखास वाचतं

एक वीज. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत असतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या जवळपास दुप्पट, पुढे आणखी जास्त. १०१ वं युनिट आलं की सगळं बिल महाग होतं असा समज आहे, तो चुकीचा. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. याचा अर्थ असा की, तुम्ही वाचवलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातलं असतं. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. आधी हॉलचा बदला, कारण तोच सर्वांत जास्त फिरतो.

दुसरं धान्य. उन्हाळ्यात गहू, तांदूळ, तूरडाळ वर्षाची भरायची पद्धत अजूनही फायद्याची आहे, पण घरात जागा आणि कोरडी कोठी असेल तरच. डाळीला एरंडेल चोळणं, उन्हं दाखवणं, कडुनिंबाचा पाला घालणं हे करायला वेळ नसेल तर तीन-तीन महिन्यांचं भरा. पोरकिड्यांनी खाल्लेलं स्वस्त धान्य महागच पडतं. रवा, बेसन, शेंगदाणे कधीच साठवू नका. आणि उधारीवर वर्षाचं धान्य भरू नका.

महिन्यातून एक रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चहा झाला की वही मध्ये घेऊन अर्धा तास बसा. आमच्याकडे पहिल्या वेळी हे भांडणावरच गेलं. मी वहीतल्या ओळींवर बोट ठेवत गेले आणि हे म्हणाले, "तू घरीसुद्धा कर्जाच्या टेबलावरच बसतेस का गं?" त्यांचं खरं होतं. तेव्हापासून आम्ही मागच्या महिन्याबद्दल एकच प्रश्न विचारतो, कुठली रक्कम यादीत नव्हती? आणि पुढच्या महिन्याबद्दल एक, कुठला खर्च येतोय? सासूबाईंना पुतण्याच्या साखरपुड्याची तारीख आमच्याआधी ठाऊक असते, म्हणून त्यांना या बैठकीत घ्यायलाच हवं. मुलंही बसू देत. फीची पावती मुलानं वहीत चिकटवली की दप्तर आणखी एक वर्ष चालेल, हे तो आपणहून सांगतो.

दर वर्षी जूनच्या मध्याला ही यादी नव्यानं लिहा. वर्षाच्या खात्यात काही उरलं असेल तर ते काढू नका, तिथेच राहू द्या. फी नक्की वाढलेली असते, विम्याचा हप्ता बहुतेक वेळा वाढलेला असतो. जुने आकडे खोडून शेजारी नवे लिहा, बारानं भागा आणि जुलैचा पगार व्हायच्या आत बँकेत जाऊन स्थायी सूचनेतली रक्कम बदलून या.